आकाश रिकामं झालं त्या आठवड्याची आठवण कशी उतरवून घ्यावी

११ सप्टेंबर २००१, मंगळवार. दहशतवाद्यांनी चार विमानं पळवली आणि त्यांतली दोन न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या इमारतींवर धडकवली. अमेरिकेच्या आकाशातली सगळी विमानं मिळेल त्या जवळच्या विमानतळावर उतरवा, असा हुकूम सकाळी पावणेदहाच्या सुमारास सुटला. तो सोडणारे बेन स्लायनी विमान वाहतुकीच्या राष्ट्रीय नियंत्रण केंद्राचे व्यवस्थापक म्हणून त्या खुर्चीवर पहिल्याच दिवशी बसले होते. हवेत साडेचार हजारांच्या आसपास विमानं होती. नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या एका विमानात हे होते. मी न्यू जर्सीतल्या एडिसनला घरी होते आणि चार वर्षांची लेक बालवाडीत.

गेले दोन हिवाळे मी न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून त्या आठवड्याच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते आहे. पहिल्या तीन मुलाखती वाया गेल्या, कारण मी विचारलं होतं, "तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: "फार भयंकर वाटलं." ते खरंच होतं, पण त्यात त्यांचं स्वतःचं असं काही नव्हतं. तुम्हाला घरातल्या कुणाची आठवण उतरवून घ्यायची असेल तर हा प्रश्न विचारू नका. विचारा: तुम्ही कुठे उभे होता? हातात काय होतं? पहिला फोन कुणाला केला आणि तो लागला का? "मी पोळ्या लाटत होते, तव्यावरची पोळी करपली" इतकं एक वाक्य आलं की पुढचं आपोआप येतं.

मुलाखतीला बसण्याआधी एका कागदावर वेळा लिहून घ्या. पहिलं विमान ८.४६, दुसरं ९.०३, पेंटॅगॉन (वॉशिंग्टनजवळचं संरक्षण खात्याचं मुख्यालय) ९.३७. दक्षिणेची इमारत ९.५९ ला कोसळली, उत्तरेची १०.२८ ला. सव्वाबाराच्या सुमारास आकाश विमानांवाचून रिकामं झालं. या सगळ्या न्यूयॉर्कच्या वेळा. भारतात तेव्हा साडेनऊ तास पुढे घड्याळ होतं, म्हणजे दुसरं विमान धडकलं तेव्हा तिकडे संध्याकाळचे ६.३३ वाजले होते. साताऱ्याच्या माझ्या सासूबाईंना किती वाजले होते ते सांगता येईना. मी विचारलं, "दिवा लावला होता का?" त्या लगेच म्हणाल्या, "देवापाशी दिवा लावला आणि शेजारची पोरगी टीव्ही लावा म्हणत पळत आली." आपल्या माणसांना तारखेपेक्षा तिथी आणि दिनक्रम जास्त लक्षात राहतो. तो पितृपंधरवडा होता. "घरात पक्ष झाला होता की व्हायचा होता?" या प्रश्नाने मला दोघांकडून दिवसांचा नेमका क्रम मिळाला.

वेळांचा कागद मात्र स्वतःपाशी ठेवा, समोरच्याला दाखवू नका. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. हे वीस वर्षं सांगत आले की इंडियानापोलिसला उतरल्यावर विमानतळावरच्या टीव्हीवर दुसरं विमान धडकताना त्यांनी थेट पाहिलं. मी मध्येच म्हटलं, "अहो, ९.०३ ला तुम्ही हवेत होता." हे गप्प झाले आणि त्या दिवशी पुढे काहीच बोलले नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं. ते खोटं बोलत नव्हते. ते दृश्य दिवसभर पुन्हा पुन्हा दाखवत होते. थेट पाहिलं ते कदाचित उत्तरेच्या इमारतीचं कोसळणं असेल, आणि नंतर दोन्ही एकमेकांत मिसळलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनीही त्याच डिसेंबरात सांगितलं होतं की शाळेतल्या वर्गात जाण्याआधी त्यांनी पहिलं विमान टीव्हीवर धडकताना पाहिलं. त्या सकाळी ते चित्रण कुठेही दाखवलं गेलं नव्हतं. ड्यूक विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दुसऱ्याच दिवशी, १२ सप्टेंबरला, ५४ विद्यार्थ्यांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि गटागटाने, कुणाला आठवड्याने तर कुणाला सात महिन्यांनी, पुन्हा विचारल्या. रोजच्या साध्या आठवणींइतकीच ही आठवणही बदलत गेली होती. आपल्याला ती पक्की आठवते हा विश्वास तेवढा तसाच राहिला होता.

म्हणून पूर्ण ऐकून घ्या. शंका वहीच्या उजव्या बाजूला लिहा. दुसऱ्या भेटीत, चहा झाल्यावर, हळूच विचारा. आणि चुकीची आठवण खोडू नका. दोन्ही ठेवा: यांनी काय सांगितलं आणि घड्याळ काय सांगतं.

घड्याळालाही मात्र आंधळेपणाने मान देऊ नका. विमानं बंद, म्हणून यांनी इंडियानापोलिसहून घरी यायला भाड्याची गाडी घेतली. तिच्या पावतीवर दुपारचे १२.१० आहेत. हे म्हणतात, एक वाजून गेला होता. मी यांना चुकीचं ठरवायच्या बेतात होते. मग लक्षात आलं की त्या काळी इंडियानाच्या बहुतेक भागात आमच्यासारखं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नसत. सप्टेंबरात इंडियानापोलिस आमच्यापेक्षा एक तास मागे होतं. यांनी मनगटावरचं घड्याळ बदललंच नव्हतं. पावतीही खरी आणि हेही खरे.

कागद शोधा. फोनचं बिल फार मोलाचं असतं, कारण त्यात लागलेल्या कॉलची वेळ मिनिटासकट असते. (भारतात फोन करायला आपण दुकानातून कार्डं घ्यायचो, त्यांचा मागमूस कुठे उरत नाही.) बोर्डिंग पास, टोलच्या चिठ्ठ्या, पेट्रोलच्या पावत्या, सगळं समोर मांडा. यांच्याबरोबर गाडीत तीन अनोळखी माणसं होती. सत्तर नंबरच्या महामार्गाने ओहायो ओलांडून ते रात्री पेनसिल्व्हेनियाच्या टर्नपाइकला, म्हणजे टोलच्या महामार्गाला लागले. सॉमरसेटची टोलची चिठ्ठी हातात दिल्यावर यांना आठवलं की तिथे चौघांपैकी कुणीच बोललं नव्हतं. शँक्सव्हिल तिथून जवळ आहे. नेवार्कहूनच सुटलेलं चौथं विमान तिथल्या शेतात पडलं होतं.

सांगणाऱ्याची भाषा बदलू नका. एका मैत्रिणीच्या आई मुंबईहून युरोपमार्गे येत होत्या आणि त्यांचं विमान कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या गॅण्डरला उतरवलं गेलं. दहाएक हजार वस्तीच्या त्या गावात ३८ विमानं आणि साडेसहा हजारांहून जास्त माणसं उतरली. काकू गावाचं नाव "गेंदर" असं घेतात. मी तसंच लिहिलंय. सामान विमानातच राहिलं आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात होत्या. तिथल्या औषधवाल्याने डॉक्टरला फोन करून नव्या दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. शाळेत झोपायची सोय होती. एका बाईने त्यांना अंघोळीला घरी नेलं. काकू म्हणाल्या, "बादली मागायची कशी ते कळेना, मग हाताने खूण केली, तर तिने मोठं पातेलं आणून दिलं." हे वाक्य शुद्ध करायला गेलात तर काकू त्यातून निघून जातील.

जिथे दुःख आहे तिथे यंत्र बंद करा. एका गृहस्थांचा सहकारी उत्तरेच्या इमारतीत होता. त्यांचं बोलणं थांबलं तेव्हा मी बटण दाबलं आणि आम्ही नुसते बसलो. नंतरच्या दिवसांतल्या भीतीबद्दलही घाई करू नका. १५ तारखेला ॲरिझोनात बलबीरसिंग सोढी यांना पगडी पाहून मारलं गेलं. आमच्यातल्या पुष्कळांनी कित्येक आठवडे बाहेर मराठी बोलायचं टाळलं होतं, आणि हे त्यांनी मुलांना कधी सांगितलेलं नाही. ते ऐकायला दुसरी, तिसरी भेट लागते.

फाइलला नाव देताना आधी सांगणाऱ्याचं, मग मुलाखतीची तारीख लिहा. दोन प्रती दोन घरांत ठेवा. कुणाला ऐकवायचं, कुणाला नाही, हे त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून घ्या.

आणि त्या वेळी लहान असलेल्यांना वगळू नका. मी माझ्या लेकीला सगळ्यात शेवटी विचारलं. चार वर्षांच्या मुलीला काय आठवणार, असं धरून चालले होते. ती म्हणाली, "बाबा सकाळी आले तेव्हा दारात दुसरीच गाडी होती. पांढरी. आत फ्रेंच फ्राइजचा वास होता." पावती काढून पाहिली. गाडीचा रंग लिहिला होता: पांढरा.