कागदावरचं चित्र माउंट करताना: खळ, बिजागरी आणि बेळगावचा पाऊस

कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या संग्रहात युरोपातलं एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेलं चित्र) असो, जपानी लाकडी ठशाचं चित्र असो की रवी वर्मा प्रेसचा ओलिओग्राफ (तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र), कागद शेवटी कागदच. जूनपासून बेळगावात हवा ओली होते आणि तो फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. चारही कडांनी चिकटवलेल्या चित्राला हलायला जागाच उरत नाही. मग लाटा पडतात, कधी तडाही जातो. म्हणून चित्र फक्त वरच्या कडेला, दोन छोट्या बिजागऱ्यांवर, म्हणजे पातळ कागदाच्या पट्ट्यांवर, टांगायचं. खालची बाजू मोकळीच हवी.

खळ गव्हाच्या शुद्ध स्टार्चचीच करावी. मैद्यात ग्लुटेन असतं, त्याची खळ पुढे पिवळी आणि कडक होते. १० ग्रॅम स्टार्च ५० मिली डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन तास भिजवा, स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत शिजवा. ज्यांच्या घरी कुरडयांचा चीक शिजतो त्यांना खूण सांगायला नको: पांढरा रंग जाऊन अर्धपारदर्शक चकाकी आली की झालं. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा गाळा आणि लागेल तेवढीच थोडं पाणी घालून सायीइतकी पातळ करा. आंबट वास आला की टाकून द्या. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. वह्यांचं ठीक, पण चित्राला ती कधीही लावू नये: तांब्यामुळे कागद तपकिरी पडून ठिसूळ होतो. खळीत तुरटीही नको, तिच्यातलं आम्ल तसंच घातक.

बिजागरीला लांब तंतूंचा पातळ जपानी कागद घ्या. कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढून हलकेच फाडा, म्हणजे कडेला तंतूंची झालर राहते आणि चित्रावर धार उमटत नाही. साधारण २ सेंमी रुंद, ३ सेंमी लांब तुकडा पुरे. त्यातला जेमतेम ५ मिलिमीटर भाग चित्राच्या पाठीला. खळ अगदी कमी लावायची आणि तिची चकाकी गेल्यावरच बिजागरी चिकटवायची. ओली लावली तर पुढून सुरकुती दिसते आणि ती सहसा जात नाही. वर टीपकागद, काचेचा तुकडा आणि वजन ठेवा. टीपकागद पाच मिनिटांनी एकदा बदला, मग तासभर हात लावू नका. नंतर बिजागरीची वर निघालेली शेपटी आम्लमुक्त पुठ्ठ्यावर ठेवून तिच्यावर आडवी पट्टी चिकटवा, चित्राच्या कडेपासून एक-दोन मिलिमीटर वर. बिजागरी चित्राच्या कागदापेक्षा नाजूकच हवी: धक्का बसला तर ती फाटावी, चित्र नव्हे. सेलोटेप, सफेद गोंद, लॅमिनेशन हे तिन्ही वर्ज्य. टेपचा गोंद कागदात मुरतो आणि त्याचे डाग काढणं फार अवघड जातं.

काच चित्राला टेकू नये, मध्ये खिडकी कापलेला पुठ्ठ्याचा माउंट हवाच. ओलिओग्राफचं वार्निश दमट हवेत काचेला चिकटून बसतं. ओढून काढायला गेलं की चेहराच काचेवर येतो. फ्रेम पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नको, आतल्या भिंतीवर लावा आणि मागच्या खालच्या कोपऱ्यांना सेंटिमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर सलग राहिली की बुरशीची भीती, म्हणून भिंतीजवळ हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) ठेवा. प्रकाश ५० लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजायचं एकक). जुन्या जपानी चित्रांतला करडईच्या फुलांचा गुलाबी रंग फार लवकर उडतो, ती चित्रं दोन-तीन महिने दाखवून पुन्हा अंधाऱ्या पेटीत ठेवावीत.

बेळगाव जिल्ह्यातल्याच खानापूरच्या ओलाव्यातून अथणीच्या कोरड्या हवेत प्रदर्शनासाठी चित्र न्यायचं असेल, तर पोहोचल्यावर पेटी २४ तास बंदच ठेवा.