पाच वर्षांखालच्या मुलांचं जेवण: घरच्याच भांड्यातून, कमी खर्चात

रोज पाच रुपयांचे दोन पुडे, एक बिस्किटांचा आणि एक तिखट कुरकुरीत काहीतरी, म्हणजे महिन्याला ३०० रुपये. अंडं ७ रुपयांना धरलं तर तेवढ्यात रोज एक अंडं होतं, आणि वर उरलेल्या ९० रुपयांत डझनभर केळी येतात. हिशोब मुद्दाम मांडला, कारण ‘पौष्टिक खाणं परवडत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच घरांत खर्च आधीच होत असतो, फक्त तो पुड्यांवर आणि पावडरीच्या डब्यांवर होतो. लहान मुलासाठी वेगळं काही विकत आणायची गरज फार कमी वेळा पडते. घरात जे शिजतं तेच त्याचं जेवण. मात्र ते कधी काढायचं, किती घट्ट ठेवायचं, त्यात काय घालायचं आणि किती वाजता द्यायचं, एवढं जमवावं लागतं.

आणि हे पोट भरण्यापुरतं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात दोन वेळा भात खाणारी, अंगाने बरी दिसणारी मुलंही असतात.

आधी वाटी मोजा

‘एक वाटी भात खातो’ यावरून काहीच कळत नाही. घरातल्या वाट्या १०० मिलिलिटरपासून २०० मिलिलिटरपर्यंत कितीच्याही असतात. औषधाच्या बाटलीसोबत येणाऱ्या मापाने किंवा दुधाच्या मापाने एकदा पाणी ओतून मुलाची वाटी मोजून ठेवा.

सहा महिने पूर्ण झाले की सुरुवात दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांत एका वेळी साधारण १२५ मिलिलिटर, दिवसातून तीन-चार वेळा. एक ते दोन वर्षांत प्रत्येक जेवणाला १९० ते २५० मिलिलिटर, तीन-चार वेळा, आणि मध्ये एक-दोनदा हलकं खाणं. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावं. दोन वर्षांनंतर मापं मोजत बसू नका. वेळा सांभाळा, किती खायचं ते मुलाला ठरवू द्या.

डाळीचं वरचं पाणी देऊ नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ‘पचायला हलकं’ म्हणून वरणाचं वरचं पाणी, भाताची पातळ पेज, भाजीचं सूप दिलं जातं. आठ किलोच्या मुलाचं पोट एका वेळी साधारण पाव लिटर धरतं. ते पाण्याने भरलं की ताकद देणाऱ्या अन्नाला जागाच राहत नाही, आणि मूल तासाभरात पुन्हा किरकिरतं.

चमच्याची परीक्षा सोपी आहे. कालवलेलं अन्न चमच्यात घेऊन चमचा तिरका करा. सरकन ओघळलं तर पातळ. चमच्याला धरून राहून हळूच गोळा पडला तर बरोबर. सात महिन्यांच्या बाळालाही एवढं घट्ट, फक्त नीट घोटलेलं, चालतं. नऊ महिन्यांनंतर मिक्सर बंद करा, हाताने कुस्करा. वर्षभर सगळं मिक्सरमधून काढलेलं मूल पुढे पोळीचा घास तोंडात धरून बसतं, चावायची सवयच लागलेली नसते.

मुलाच्या प्रत्येक जेवणात एक चहाचा चमचा तूप किंवा तेल वरून घाला. त्याने आकारमान न वाढता साधारण ४५ कॅलरी वाढतात. तूप महाग पडत असेल तर घरातलं शेंगदाण्याचं तेल तितकंच उपयोगी.

तिखटाआधी काढून ठेवा

मुलासाठी वेगळा स्वयंपाक करायला गेलं की तो आठवड्याभरात बंद पडतो, कारण कामावर जाणाऱ्या बाईला ते शक्यच नसतं. त्यापेक्षा स्वयंपाकाचा क्रम बदला. आमटी, उसळ, भाजी, पिठलं, जे काही असेल त्याला हिंग-जिऱ्या-हळदीची फोडणी द्या, शिजवा, मुलाचा भाग काढा, आणि मग तिखट, मसाला घाला. मूल वर्षाच्या आतलं असेल तर मीठही त्याचा भाग काढल्यावरच. साखर दोन वर्षांपर्यंत टाळा. मध तर वर्षाच्या आत चाटवायलासुद्धा नको, त्यातून होणारी विषबाधा बाळाच्या आतड्यांना झेपत नाही.

खिचडीचं माप: अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी सालाची मूगडाळ, मूठभर चिरलेला पालक किंवा शेवग्याचा कोवळा पाला, एक लहान गाजर, तीन वाट्या पाणी. कुकरच्या चार शिट्ट्या. डाळ कमी करून तांदूळ वाढवला की खिचडी स्वस्त होते, पण मग ती नुसता भातच. खायच्या वेळी वर लिंबू पिळा. डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व लागतं, ते शिजवताना बरंचसं जातं, म्हणून लिंबू शेवटी. लिंबू महाग असेल त्या दिवसांत पेरूची फोड द्या. पेरूत संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं.

शेवग्याचा पाला जून घेतला तर कडवट लागतो आणि मूल एकदाच चाखून सोडतं. फांदीच्या टोकाची कोवळी पानं घ्या, देठ पूर्ण काढा. भाजी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह अन्नात उतरतं, टोमॅटो-आमसूल असेल तर जास्त. पण शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर भाजी काळी पडते.

किनारपट्टीवर जवळा हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे. निवडून, वाळू जाईपर्यंत दोन-तीनदा धुऊन, पूर्ण सुकवून, मंद आचेवर खमंग भाजा आणि पूड करून ठेवा. एक चहाचा चमचा वरण-भातात. पहिल्या वेळी चिमूटभरच द्या आणि अंगावर गांधी उठतात का ते पाहा. कोळंबी-जवळ्याची अ‍ॅलर्जी असणारी मुलं असतात.

मोडाच्या नाचणीचं पीठ

नाचणीसत्त्व म्हणून दोन वेगळ्या गोष्टी घरोघरी होतात. एक, भिजवून वाटून फडक्यातून गाळून खाली बसलेला साका वाळवायचा. ते पांढरं, मऊ, दिसायला छान; पण ज्यासाठी नाचणी खायची ते कॅल्शियम बरंचसं सालात असतं आणि ते चोथ्याबरोबर टाकून दिलं जातं. सात-आठ महिन्यांच्या पुढच्या मुलाला दुसरा प्रकार द्यावा: मोड आणून, वाळवून, सालासकट दळलेलं पीठ. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गहू-तांदळापेक्षा कितीतरी पट.

एक किलो नाचणी निवडून, खडे काढून, चार पाण्यांनी धुवा. रात्रभर, साधारण १२ तास भिजवा. पाणी पूर्ण निथळू द्या, मगच सुती फडक्यात बांधा. फडकं ओलसर हवं, टपकणारं नको. उन्हाळ्यात २४ तासांत मोड येतात, थंडीत ३६ ते ४८ तास लागतात. दिवसातून दोनदा पुरचुंडी सोडून हात फिरवा, आतला भाग तापलेला असतो, तो मोकळा झाला नाही तर आंबूस वास धरतो. मोड अर्धा सेंटिमीटर झाले की थांबा. लांब झाले की पीठ कडवट होतं.

पातळ पसरून दोन दिवस वाळवा. दाणा दाताखाली कट्टकन फुटला तर वाळला. मग दोन्ही तळव्यांत चोळून मोड झाडून टाका, मंद आचेवर पाच-सहा मिनिटं फक्त गरम होईपर्यंत परता आणि दळून आणा. लालसर भाजू नका. मोड येताना दाण्यात पिष्ट (स्टार्च) तोडणारी जी द्रव्यं तयार होतात ती जास्त तापवली की मरतात, आणि मोड आणण्याचा अर्धा फायदा तिथेच जातो. फायदा असा की या पिठाची खीर घट्ट गोळा होत नाही, म्हणून तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ मावतं आणि तरी मूल सहज गिळतं. बुरशीचा ठिपका दिसला किंवा कुबट वास आला तर सगळा लॉट टाकायचा, निवडून वापरायचा नाही. पावसाळ्यात पाव किलोच करा, पंधरा दिवसांत संपवा.

खिरीसाठी दोन मोठे चमचे पीठ एक कप थंड पाण्यात कालवा, गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होणारच. सतत ढवळत सात-आठ मिनिटं शिजवा. चमचाभर तूप, चमचाभर अगदी बारीक शेंगदाण्याचं कूट. लहान बाळाला गोडीसाठी कुस्करलेलं केळं. दोन वर्षांवरच्या मुलाला दूध-गूळ घालायचा असेल तर खीर उतरवून थोडी कोमट झाल्यावर गूळ घाला, उकळत्या दुधात गूळ पडला की ते फाटतं.

चार वाजताचा डबा

पुड्यांची सवय मोडायची असेल तर पुडा बंद करण्याआधी त्याच्या जागी दुसरं काही हाताशी हवं. आजी-आजोबांना ‘देऊ नका’ सांगून काही होत नाही. नातवंडाने हात पुढे केल्यावर त्यांना काहीतरी द्यायचंच असतं, आणि ते बरोबरही आहे. तेव्हा डबाच त्यांच्या ताब्यात द्या.

एक वाटी भाजून सोललेले शेंगदाणे, एक वाटी डाळं, पाऊण वाटी चिरलेला गूळ. आधी डाळं एकटं बारीक करून बाजूला ठेवा. मग शेंगदाणे थांबून थांबून फिरवा, गूळ घालून आणखी दोन वेळा फिरवा, तेल सुटायला लागलं की डाळ्याचं पीठ मिसळून लिंबाएवढे लाडू वळा. तूप लागत नाही. वळले जात नसतील तर मिश्रण अजून एकदा फिरवा; फारच तेलकट झालं तर डाळ्याचं पीठ वाढवा. तीन-चार वर्षांच्या मुलाला रोज एक पुरे. त्याहून लहान, पण दोन वर्षांवरच्या मुलाला लाडू कुस्करून, दुधात कालवून. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, डाळिंबाचे दाणे मूठभर हातात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. चार वर्षांपर्यंत कूट आणि पीठच.

लाडवाच्या आड येणारं म्हणजे चहा. बशीत ओतलेला दोन घोट चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्कीट ही आपल्याकडची लाडाची रीत, पण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही आणि भूक मारतो. पाच वर्षांखाली चहा नकोच. दुधाचंही प्रमाण सांभाळा: एक वर्षानंतर दिवसाला ४०० मिलिलिटरपर्यंत ठीक, त्यापुढे पोट दुधानेच भरतं आणि दुधात लोह जवळजवळ नसतं. दिवसाला लिटरभर दूध पिणारं गुबगुबीत पण फिकट मूल दवाखान्यात हमखास दिसतं.

दुधात घालायच्या पावडरीबद्दल: डब्यामागची घटकांची यादी वाचा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तुम्ही मुख्यतः साखर विकत घेताय. चार ग्रॅम साखर म्हणजे एक चहाचा चमचा, या हिशोबाने आकडा वाचा. अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’च्या वर्गात दाखवू नका, असं केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं होतं.

मूल नाहीच म्हणालं तर

खाण्याच्या वेळा ठरवा, उदाहरणार्थ ८, १०॥, १, ४ आणि ७॥. मधल्या वेळात फक्त पाणी. न खाणाऱ्या मुलांपैकी बरीच खरं तर दिवसभर थोडं थोडं खात असतात: अर्धं बिस्कीट, शेजारची गोळी, अर्धा कप दूध. वेळा लावल्यावर पहिले चार-पाच दिवस रडारड होते, तेवढी घरातल्या सगळ्यांनी मिळून निभवावी लागते. एका जेवणाला मूल उठून गेलं तर जाऊ द्या आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबा. धावत मागे जाऊन घास भरवू नका.

नवी भाजी एकदा थुंकली म्हणजे आवडत नाही असं नसतं. दहा-पंधरा वेळा चव घ्यायला लागते. दर दोन-तीन दिवसांनी एक चमचा ताटात वाढा, तेच ताटात मोठ्यांनीही खा, आग्रह नको. ‘भाजी खा, मग चॉकलेट’ याने भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस. पालक थालीपिठात लपवणं ठीक, पण नुसतं लपवूनच दिलं तर मुलाला पालक कधी ओळखीचाच होत नाही. मोबाइल दाखवून भरवलेल्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही. बंद करताना एकदम करा, दर जेवणाला पाच मिनिटं कमी करायला गेलं तर भांडण रोजचं होतं.

अंगणवाडीकडून काय घ्यायचं

घरी नेण्याच्या आहाराची पाकिटं मिळत असतील तर आधी तारीख पाहा, लागेल तेवढंच शिजवा, तूप-तेल घालायला विसरू नका. ते पीठ पुष्कळदा गुरांना किंवा कोंबड्यांना जातं, कारण नुसत्या पाण्यात शिजवून चव येत नाही. थालीपीठ किंवा धिरड्यात निम्मं मिसळा, घरातले सगळे खातील.

दर महिन्याला वजन करून तक्त्यावर रेघ पाहा. पहिल्या वाढदिवसाला जन्मवजनाच्या तिप्पट, आणि त्यानंतर दरवर्षी दोन किलोच्या आसपास वाढ अपेक्षित असते. रेघ दोन महिने आडवी राहिली तर खाणं वाढवून तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नका, आरोग्य केंद्रात दाखवा. दंडाचा घेर मोजायची पट्टी सेविकेकडे असते: १२.५ सेंटिमीटरच्या खाली धोक्याची खूण, ११.५च्या खाली त्याच दिवशी दवाखाना. माती, खडू, भिंतीचा चुना खाणारं मूलही दाखवून घ्या, बहुधा लोह कमी असतं.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लोहाचं औषध सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतं: एक मिलिलिटर, आठवड्यातून दोनदा. दूध-चहाबरोबर देऊ नका, जेवणानंतर तासाभराने द्या. शी काळपट होते, त्याला घाबरून बाटली बंद करणारी घरं खूप आहेत. ताप असेल किंवा मूल आजारी असेल तर तेवढे दिवस थांबवा, आणि बरं झाल्यावर पुढचे दोन आठवडे दिवसातून एक जेवण जास्त द्या.