यूपीआय लाइटवरचा किरकोळ खर्च हिशेबात कसा आणला

महिनाअखेरीस जमाखर्च जुळेना, तेव्हा शोधल्यावर कळले की यूपीआय लाइटने (म्हणजे ॲपमध्ये आधीच पैसे भरून ठेवलेल्या, छोट्या रकमांसाठीच्या पाकिटातून) दिलेले चहा, भाजी, रिक्षाचे पैसे बँकेच्या खातेउताऱ्यात एकेक करून येत नाहीत. तिथे फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते. २०२२ साली सुरू झालेली ही सोय उत्तमच आहे, पण नेमका किरकोळ खर्चच नजरेआड होतो. म्हणून रोज रात्री ॲपमधले व्यवहार पाहून मी प्रत्येक रक्कम वहीत किराणा, प्रवास, बाहेरचे खाणे अशा रकान्यांत उतरवते. लाइटमध्ये भरलेले पैसे मात्र खर्चात धरत नाही, नाहीतर तोच खर्च दोनदा मोजला जातो. खाण्याचा रकाना किराण्याला गाठू लागलेला दिसताच डबा पुन्हा सुरू केला. लाइटमध्ये आपोआप पैसे भरण्याची सोयही बंद ठेवली आहे.