लसीनंतरच्या इजेचा भरपाई-दावा: काळ आणि कारण सिद्ध करण्याची तयारी

लसीकरणानंतर मुलाला गंभीर इजा झाली आणि भरपाईसाठी दाद मागायची असेल, तर वकिलांकडे जाण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून तारीखवार टिपण करावे. लस कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या मांडीत दिली, पहिले लक्षण कोणाच्या लक्षात आले आणि पहिल्या डॉक्टरांकडे कधी नेले, हे त्यात यावे. आपल्याकडे ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ किंवा ‘बाजाराच्या दिवशी तिन्हीसांजेला’ असे सांगितले जाते. ते कॅलेंडरवर पडताळून तारीख लिहावी आणि मूळ शब्दही शेजारी राहू द्यावेत.

या तपशिलावर भर देण्याचे कारण असे की, लस आणि पहिले लक्षण यांतील अंतर फार जास्त असले तर दावा अडतोच, पण फार कमी असले तरीही अडतो. अमेरिकेच्या भरपाई योजनेच्या तक्त्यात ॲनाफिलॅक्सिससाठी (अचानक येणारी जीवघेणी ॲलर्जी) ४ तासांपर्यंत, रोटाव्हायरस लसीनंतर आतड्यात आतडे शिरण्यासाठी १ ते २१ दिवस आणि फ्लूच्या लसीनंतरच्या गियाँ-बारे सिंड्रोमसाठी (प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर उलटून हातपाय लुळे पडण्याचा आजार) ३ ते ४२ दिवस अशी लक्षण दिसण्याची मुदत आहे. तो तक्ता आपल्याकडे लागू नाही, मात्र तज्ज्ञ कसा विचार करतात हे त्यावरून कळते: प्रतिकारशक्तीने मज्जातंतूंवर उलटायला काही दिवस जावे लागतात, त्यामुळे लसीच्या दिवशीच पाय लुळे पडले असतील तर दुसरे कारण आधी तपासले जाते.

म्हणूनच लसीच्या आधीचे कागदही सोबत ठेवावेत. आदल्या दिवशी ताप असल्याची नोंद केसपेपरवर असेल तर ती मुळीच लपवू नये. ती नंतर समोर आली की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. माता-बाल संरक्षण कार्ड, लसीचा बॅच क्रमांक, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे, पाठीच्या पाण्याचे आणि एमआरआयचे अहवाल यांच्या प्रती घ्याव्यात. रुग्णाने मागितल्यास डॉक्टरांनी नोंदी ७२ तासांत द्याव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. बीडच्या ऊसतोड कुटुंबांची अडचण मोठी आहे, कारण लस कारखान्याच्या तळावर, दुसऱ्या जिल्ह्यात दिलेली असते आणि उपचार गावाकडे किंवा औरंगाबादच्या घाटी या सरकारी रुग्णालयात झालेले असतात. तिथल्या आरोग्य केंद्राचा पत्ता हंगाम संपण्याआधीच लिहून घ्यावा. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन नाकारू नये, हे सांगताना जीव जड होतो, पण इतर कारणे वगळण्याचा तोच सर्वात भक्कम पुरावा असतो.

घटना आशाताई किंवा आरोग्यसेविकेमार्फत लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना म्हणून नोंदवली गेली का, हे विचारावे. कारणमीमांसा करणाऱ्या समितीचा निष्कर्ष, तसेच आरोग्य केंद्रातील शीतपेटीची तापमान नोंदवही माहिती अधिकारात मागता येते. गोवर-रुबेलाची कुपी द्रावण मिसळल्यावर ४ तासांनंतर वापरायची नसते, म्हणून ती फोडल्याची वेळही मागावी. ‘काळाचे अंतर जुळते, पण पुरावा अपुरा’ असा निष्कर्ष आला तर तो नकार समजू नये. तो बालमज्जातज्ज्ञांना दाखवून, इजा लसीमुळे कशी घडू शकते आणि दुसरी कारणे का बसत नाहीत, याचे लेखी मत घ्यावे.

खासगी दवाखान्यात पैसे देऊन लस घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात साधारणपणे २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. सर्वांनाच मोफत सेवा देणारी सरकारी केंद्रे १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ग्राहक कायद्याबाहेर राहतात, तेव्हा दिवाणी न्यायालय की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका (सरकारी यंत्रणेविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेला अर्ज), हे वकिलांशी पहिल्याच भेटीत ठरवावे.