सुगीच्या रंगांची रांगोळी: रंग कसे मिसळावेत

दसरा-दिवाळीत खरिपाची काढणी चालू असते. मावळात भात पिवळं पडलेलं, सोयाबीनच्या शेंगा वाळून तपकिरी झालेल्या, झेंडूचे तोडे जोरात. दारातल्या रांगोळीची रंगसंगती इथूनच उचलावी. बाजारातल्या पुड्या मात्र तशाच वापरू नयेत, रांगोळी भडक होते.

आधी रंग ठरवा. पाच पुरेत: पिकल्या भाताचा पिवळा, झेंडूचा केशरी, गेरूचा तांबडा, वाळल्या शेंगेचा तपकिरी आणि आपट्याच्या पानाचा हिरवा. हिरवा गाळायचा मोह होतो, पण गाळू नका. सगळेच उष्ण रंग शेजारीशेजारी आले की एकही उठून दिसत नाही.

मग मिसळायला बसा. भाताचा पिवळा सगळ्यात नाजूक. चार चमचे पांढऱ्या रांगोळीत एक चमचा पिवळा घालून बोटांनी चोळा, एकजीव झाला की चिमूटभर गेरूपूड टाका. लिंबासारखा झळझळीतपणा जातो आणि पेंढ्याची छटा येते. गेरू एकदम ओतलात तर मिश्रण विटकरी होईल, म्हणून चिमटीचिमटीने. तपकिरीसाठी गेरूत कोळशाची पूड घाला. कोळसा फार पटकन चढतो. पुडीतला हिरवा बहुधा पोपटी असतो, त्यात किंचित गेरू घातला की मळतो. केशरी तसाच राहू द्या, एक तरी रंग बोलका हवा.

पांढरी रांगोळी बहुतेक ठिकाणी शिरगोळ्याची, म्हणजे एका मऊ पांढऱ्या दगडाच्या भुकटीची असते. कोकणात भाताची तुसं जाळून त्या राखेचीही करतात. ती मिळाली तर जरूर घ्या, सुगीच्या रांगोळीला याहून योग्य पांढरा कुठला?

भरण्याआधी प्रत्येक रंगाची एकेक चिमूट जमिनीवर टाकून बघा, तीही पणती लावून. पिवळ्या उजेडात फिका पिवळा जवळजवळ पांढरा दिसतो. तसं झालं तर त्यात अर्धा चमचा पिवळा वाढवा. जमीन गेरूने सारवलेली असेल तर तांबडा हरवतो, तिथे कडेला पिवळा घ्या. पांढऱ्या फरशीवर कड तपकिरी चांगली.

निम्मी जागा पिवळ्याला द्या, केशरी फक्त मध्यभागी, हिरवा ठिपक्यांपुरता. उरलेली मिश्रणं कोरड्या बरण्यांत भरून ठेवा, तुळशीच्या लग्नाला पुन्हा लागतील.