कॅरव्हॅन धुताना या चुका टाळा

घोडबंदर रोडला महिनाभर उभी राहिलेली पांढरी कॅरव्हॅन पांढरी उरत नाही. बांधकामांची धूळ, ट्रेलरचा धूर आणि वरून झाडाचा चिकटा. मग ती कोपऱ्यावरच्या वॉशिंग सेंटरला जाते. तिथला पोरगा टेम्पो ट्रॅव्हलर धुतो तशी ती पंपाने धुतो, आत बादलीभर पाणी मारून लादी पुसतो आणि गाडी चकाचक होऊन परत येते. पंधरा दिवसांनी सोफ्याखालच्या कप्प्यातून कुबट वास यायला लागतो.

कॅरव्हॅनचं मळाने फारसं बिघडत नाही, तिची वाट लागते ती चुकीच्या ठिकाणी शिरलेल्या पाण्याने. टेम्पोची बॉडी वेल्डिंग केलेला पत्र्याचा डबा असते. त्याचीच कॅरव्हॅन करताना खिडक्या, छतावरचा हॅच (उघडणारी छोटी झडप), फ्रिजची जाळी, पाणी भरायचं तोंड, गॅसच्या कप्प्याचं दार अशी डझनभर भोकं पाडलेली असतात. प्रत्येक भोकाला रबर आणि फटी बुजवणारं सीलंट असतं, पण ते वरून पडणाऱ्या पावसाच्या हिशेबाने लावलेलं असतं. आडवा किंवा खालून वर मारलेला फवारा ते थोपवू शकत नाही. आत शिरलेलं पाणी थर्मोकोल आणि प्लायवूडच्या मध्ये अडकतं आणि तिथून त्याला बाहेर पडायला वाट नसते.

पंपाचा मोह

प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर चाकांच्या कमानी, मडफ्लॅप आणि खालची चासी एवढ्यापुरताच ठेवा. खिडकीच्या खालच्या कडेपासून वर साधी नळी आणि मऊ ब्रश. सेंटरवाला ऐकतच नसेल तर निदान नोझल पंख्यासारखं पसरट करायला लावा, अंतर किमान एक मीटर राखायला सांगा आणि धार नेहमी वरून खाली. फ्रिजच्या जाळीत, गिझरच्या धुराड्यात आणि दाराच्या रबरावर थेट धार मारू देऊ नका. स्टिकर आणि पट्ट्यांच्या कडाही पंपानेच उचकटतात.

त्याआधी बाहेरून जोडलेली २३० व्होल्टची केबल काढा, सॉकेटचं झाकण लावा आणि इन्व्हर्टर बंद करा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

छत शेवटी धुणं

बहुतेक जण आधी बाजू धुतात आणि छत ‘जमलं तर’ म्हणून सोडतात. बाजूंवर उतरणारे काळे ओघळ मात्र छतावरचेच असतात. तिथे साचलेली धूळ आणि सीलंटवरचा मळ पहिल्या सरीबरोबर खाली येतो. छत घाण ठेवून बाजू कितीही घासा, ओघळ आठवड्यात परत दिसतील.

छतावर उभं राहू नका. चालता येईल असं छत आहे असं बनवणाऱ्याने लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. सँडविच पॅनेलचं, म्हणजे दोन पातळ थरांत फोम भरलेलं छत माणसाच्या वजनाने किंचित दबतं, जोडावरच्या सीलंटला केसासारखी चीर पडते आणि जूनमध्ये तिथूनच पाणी झिरपतं. शिडीच्या टोकांना जुना टॉवेल गुंडाळा, लांब दांड्याचा मऊ ब्रश घ्या आणि चारही बाजूंनी पोचेल तेवढं घासा. खराटा नको, तारेचा ब्रश तर नकोच.

वर गेल्यावर धुण्यापेक्षा बघायला जास्त वेळ द्या. हॅचभोवतीचं, सोलर पॅनेलच्या पायांचं आणि कडेच्या पट्टीचं सीलंट बोटाने दाबून पाहा. ते मऊ आणि चिकटून असेल तर ठीक. कडक झालेलं, भेगाळलेलं किंवा कडेला सुटलेलं दिसलं की तो जोड पावसाआधी उकरून नव्याने भरायचा. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे जुन्या सीलंटवर घरातली, बाथरूमला लावतात ती सिलिकॉनची ट्यूब फासणं. ती जुन्या थरावर नीट धरत नाही आणि नंतर सिलिकॉनच्या उरलेल्या पापुद्र्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. जुनं सगळं काढून, जागा कोरडी करून पट्टीखाली ब्युटाइल टेप आणि वर पॉलियुरेथेन सीलंट, हा क्रम टिकतो. हे काम ऑक्टोबर ते मे या काळातलं आहे, ओल्या पृष्ठभागावर सीलंट धरत नाही.

सोलर पॅनेलवर दुपारी बारा वाजता गार पाणी ओतू नका. तापलेल्या काचेला झटका बसतो. सकाळी आठच्या आत धुवा. त्या वेळी शाम्पूही बॉडीवर वाळत नाही.

शाम्पू, साबण आणि बोअरिंगचं पाणी

कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते. तिने ॲल्युमिनियमच्या पट्ट्या काळवंडतात. भांड्यांचं लिक्विड रोजच्या धुण्याला वापरलं तर वॅक्सचा थर उतरतो. न्यूट्रल पीएचचा कार शाम्पू घ्या, प्रमाण बाटलीवर लिहिलंय तेवढंच. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची आणि एक फक्त स्पंज खळबळायला, म्हणजे घोडबंदरची वाळू परत एफआरपीवर, म्हणजे फायबरच्या बॉडीवर घासली जात नाही.

सोसायटीत नळाचं पाणी गाडी धुवायला मिळत नाही, म्हणून टँकर किंवा बोअरिंगचं वापरलं जातं. ते जड असतं आणि उन्हात वाळलं की पांढरे ठिपके उमटतात. सावलीत धुवा आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या. ठिपके पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने लावा, मिनिट-दोन मिनिटांत भरपूर पाण्याने धुऊन टाका. हे खिडक्यांवर किंवा उघड्या ॲल्युमिनियमवर रेंगाळू देऊ नका.

पक्ष्यांची विष्ठा कोरडी खरवडली की चरे पडतात. ओलं फडकं त्यावर दहा मिनिटं ठेवलं की ती आपोआप सुटते. रेल्वे यार्डाजवळ किंवा तळोजा, महापे भागात गाडी उभी असेल तर पांढऱ्या बॉडीवर बारीक तांबूस टिपके येतात. ते धुऊन जात नाहीत, कारण ते लोखंडाचे कण रुतून गंजलेले असतात. त्याला डिटेलिंगच्या दुकानात मिळणारा आयर्न रिमूव्हर लागतो. तो लावल्यावर जांभळट रंग सुटतो, वाळायच्या आत धुवायचा. एफआरपी हाताला खडूसारखी पांढरी लागत असेल तर तो मळ नाही, वरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, उन्हाने खराब झालाय. तिथे घासणी चालवू नका, बारीक पॉलिशिंग कंपाउंड आणि नंतर वॅक्स.

खिडक्या: सगळ्यात महाग चूक

कॅरव्हॅनच्या बऱ्याच खिडक्या काचेच्या नसून ॲक्रिलिकच्या असतात, बहुधा दुहेरी. नखाने टकटक करा. काच खणखणते, ॲक्रिलिकचा आवाज बद्द येतो. शिवाय टफन्ड काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा कोरीव शिक्का असतो.

ॲक्रिलिकवर आरसे पुसायचं निळं लिक्विड मारलं की त्यातला अल्कोहोल किंवा अमोनिया वरच्या थराला बारीक तडे पाडतो. ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात, आधी स्क्रूच्या भोवती आणि कडांना, कारण तिथे ताण असतो. थिनर, पेट्रोल, सॅनिटायझर यांचंही तेच. हे तडे पॉलिशने जात नाहीत, खिडकी बदलावी लागते. वर्तमानपत्राने पुसायची घरची सवयही इथे सोडा.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे: आधी नुसत्या पाण्याची धार सोडून धूळ वाहून जाऊ द्या, मग कोमट पाणी, दोन थेंब शाम्पू, स्वच्छ मायक्रोफायबर, दाब न देता. वरवरचे चरे प्लॅस्टिक पॉलिशने कमी होतात.

दोन थरांच्या मध्ये धुकं दिसलं म्हणजे खिडकी फुटली असं नाही. खिडकीच्या कडेला बारीक प्लास्टिकची बुचं असतात. कोरड्या हवेच्या दिवशी, म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, ती काढून खिडकी काही तास उघडी ठेवा, ओल निघून गेली की बुचं परत लावा. जुलैत हे केलंत तर आणखी दमट हवा कोंडाल.

रबरांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावू नका. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं, तेलाला धूळ चिकटते. सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून फडकं रबरावर फिरवा. थेट खिडकीवर फवारू नका.

आत: बादली बाहेरच ठेवा

लादी म्हणून जे दिसतं ते प्लायवूडवर चिकटवलेलं व्हिनाइल असतं. कडेच्या फटीतून पाणी खाली गेलं की प्लाय फुगतो आणि पावलाखाली जमीन दबायला लागते. आधी व्हॅक्यूम, मग घट्ट पिळलेलं फडकं, बस्स.

व्हॅक्यूम करताना गॅसच्या कप्प्याच्या तळाशी असलेली भोकं पाहा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर त्याच भोकांतून खाली जातो. तिथे चिखल, पानं किंवा कुंभारमाशीचं घर भरलं तर गॅस आत साठतो. थंडी वाजते किंवा झुरळं येतात म्हणून कुणी त्यावर टेप मारली असेल तर आजच काढा. जोड तपासायला साबणाचं पाणी, काडीपेटी कधीच नाही.

फोडणीचा चिकटा ओट्यापेक्षा छताच्या अस्तरावर आणि पंख्याच्या पात्यांवर जास्त बसतो, कारण आतली उंची सहा-साडेसहा फूटच असते. पंख्याची जाळी महिन्यातून एकदा काढून कोमट पाणी आणि डिशवॉशमध्ये वीस मिनिटं भिजवा. लॅमिनेटच्या कडांवर काही फवारू नका, फडक्यावर घेऊन पुसा. सोफ्याची कव्हरं धुवायची असतील तर फोम वेगळा काढा. चार इंची फोम पावसाळ्यात भिजला तर आठवडाभर वाळत नाही.

बुरशी: ओल आतली की बाहेरची?

पावसाळ्याआधी गाडी निळ्या ताडपत्रीत गुंडाळून बंद करणं ही ठाण्यातली नेहमीची चूक. ताडपत्री हवा कोंडते आणि वाऱ्याने घासून रंगही घालवते. शेड मिळत नसेल तर हवा खेळणारं कव्हर घ्या. आत सगळी कपाटं उघडी ठेवा, गाद्या भिंतीपासून दूर उभ्या करा आणि पाऊस थांबलेल्या दिवशी दोन तास हॅच व पंखा चालू ठेवा.

बुरशी दिसली की कोरड्या ब्रशने झाडू नका, बीजं सगळ्या केबिनभर उडतात. मास्क लावा, पांढरं व्हिनेगर तसंच फवारा, तासाभराने ओल्या फडक्याने पुसा, पंख्याने कोरडं करा. ब्लीच लॅमिनेटवर चालेल. प्लायवर ते वरचा डाग फिका करतं, पण त्यातलं पाणी आत मुरतं.

एकाच जागी परत आली तर कारण शोधा. खिडकीच्या कडेने, पलंगामागे, पातळ पसरलेली बुरशी म्हणजे बहुधा श्वासाची आणि एसीच्या गारव्याची ओल. एका कोपऱ्यात तपकिरी कडा असलेला डाग, दाबल्यावर मऊ प्लाय, पावसानंतर वाढणारा, तो गळतीचा. ओलावा मोजायच्या मीटरवर प्लायचं माप १५ टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नको, २० च्या वर गेलं तर पाणी नक्की शिरतंय. शोधायला एक जण आत बसवा, दुसऱ्याने मंद धारेची नळी आधी सर्वांत खालच्या जोडावर दहा मिनिटं धरायची, मग एकेक जोड वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काहीच कळत नाही.

छतातून थेंब फक्त एसी चालू असतानाच पडत असेल तर सीलंटला हात लावू नका. एसीचा पाणी निघायचा मार्ग तुंबलाय, तो आणि फिल्टर साफ करा.

टाकी, सिंक आणि टॉयलेट

पिण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकू नका, चुन्याचा गाळ पंपात जातो. बिनवासाचं, बिनरंगाचं ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १०० लिटर पाण्याला १२५ मिली घ्या, म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतं. आधी कार्बन फिल्टर काढा, गिझरला बायपास असेल तर लावा. वास येईपर्यंत प्रत्येक नळ सोडा, मग बंद करून चार तास ठेवा. टाकी रिकामी करून, वास जाईपर्यंत साध्या पाण्याने दोन-तीनदा भरून सोडा. त्यानंतर पंपाचा आवाज येतो पण धार बारीक येते, अशी तक्रार हमखास येते. सुटलेला मळ पंपाआधीच्या बारीक जाळीत अडकलेला असतो.

सिंकमधून वास येत असेल तर दोन कारणं: खालचा वाकडा पाइप कोरडा पडलाय, किंवा सांडपाण्याच्या टाकीत तेलाचा थर बसलाय. पहिल्याला ग्लासभर पाणी पुरतं. दुसऱ्यासाठी टाकी अर्धी कोमट पाण्याने भरून ५० मिली डिशवॉश टाका, ठाणे-बेलापूर रोडला एक चक्कर मारा आणि घरी येऊन रिकामी करा. खड्डे इथे उपयोगी पडतात.

कॅसेट टॉयलेटला (ज्याची मैल्याची टाकी बाहेर ओढून रिकामी करतात) घरातलं निळं ॲसिड क्लीनर लावलं की झडपेचं रबर कडक होऊन गळायला लागतं. लघवीचा क्षार सायट्रिक ॲसिडने जातो, लिटरला ५० ग्रॅम, काही तास ठेवून. आणि ॲसिड क्लीनर व ब्लीच एकत्र कधीही नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि कॅरव्हॅनच्या टॉयलेटमध्ये पळायला जागा नसते. कॅसेट घरच्या किंवा सार्वजनिक शौचालयात रिकामी करा, नाल्यात नाही. ठाण्यातले बरेच नाले ठाणे खाडीत जातात, आणि ती २०२२ पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ आहे.

अलिबाग किंवा तारकर्लीहून परतल्यावर चासी, पायऱ्या आणि टो-हिच गोड्या पाण्याने दुसऱ्याच दिवशी धुवा. धुऊन झाल्यावर गाडी लगेच उभी करू नका. पाच-सात किलोमीटर चालवा, म्हणजे ब्रेक कोरडे होतात. मग सावलीत लावून बाहेरच्या कप्प्यांची दारं संध्याकाळपर्यंत उघडी टाका. रात्री दारं लावताना तळाला कोरडं फडकं फिरवा. फडकं ओलं आलं तर त्या दाराचं रबर आधी बघा.