टंचाईत घरचा भाजीपाला: प्लॅन मे महिन्यापासून उलटा करा

युद्ध लागलं की आधी डिझेल अन् खत महागतं, मग नागपूरच्या भाजीबाजारात, कॉटन मार्केटला येणाऱ्या गाड्या कमी होतात अन् भाजी ताटातून गायब होते. १९६५ च्या युद्धात शास्त्रीजींनी लोकांना सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं. गहू-तांदूळ रेशनवर मिळेलही, पण हिरवी भाजी कोणी देत नाही, ती आपणच लावायची.

बहुतेक लोक हिवाळ्यात पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) लावतात अन् खूश होतात, पण नागपुरात खरी अडचण मे-जूनची आहे, ४५ डिग्रीत टमाटरची फुलं गळतात, पालक जळतो. म्हणून आधी ठरवा की मे महिन्यात घरात काय खाणार, अन् तिथून मागे मोजत या.

शेवग्याचं एक झाड पहिले लावा, जागा नसेल तर शेजाऱ्याला लावायला सांगा. शेंगांपेक्षा पाला महत्त्वाचा, त्यात लोह, कॅल्शियम अन् अ जीवनसत्त्व भरपूर असतं. पावसाळ्यात बरबटी (चवळी) लावा, कोवळी शेंग भाजीला अन् वाळलेला दाणा डब्यात, वर जमिनीत थोडं नत्रही राहतं म्हणजे युरिया कमी लागतो. कोहळं वेलावरच पूर्ण पिकू द्या, देठ ठेवून तोडा, डाग पडलेलं आधी खा, बाकीचं हवेशीर जागेत काही महिने टिकतं. मेथी, गवार, कारली हिवाळ्यापासूनच वाळवून ठेवा, पाला मात्र सावलीत, कडक उन्हात अ जीवनसत्त्व बरंच कमी होतं.

वाळवणात सी जीवनसत्त्व फारसं उरत नाही, ते लक्षात ठेवा, त्यासाठी उन्हाळ्यात मोड आलेले मूग अन् वरून लिंबू पिळायचं. मोडांना माती लागत नाही, फ्लॅटमधल्यांनी इथूनच सुरुवात करा.

जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, बटाटा न धरता. गच्चीवरून तेवढं निघणार नाही, म्हणून जागा थोडी असेल तर पालेभाजी आधी, फुलकोबी-पत्ताकोबी नकोच, जागा खूप खातात. पालक-मेथी एकदम पेरू नका, दर १५ दिवसांनी एक ओळ टाका. पालेभाजी आधी धुवा मग चिरा, अन् थोडं तेल घालाच, त्याशिवाय अ जीवनसत्त्व नीट अंगी लागत नाही.

अन् बी देशीच घ्या, प्रत्येकाचं एकदोन झाड बियाण्यासाठी सोडा, पुढच्या वर्षी दुकानात बी मिळेलच असं नाही.